वेगळेपणाला भ्यायचे की भेदभावाला?

आंबेडकरी समाजातील मुले-मुली आता परदेशी विद्यापीठांत शिकायला जाऊ लागली आहेत. एका पिढीपूर्वी तालुक्याच्या वसतिगृहात जागा मिळाली तरी पेढे वाटणारा हा समाज. त्याच्या घरातून आज मुले लंडनला, न्यूयॉर्कला, मेलबर्नला निघतात याचा आम्हास सार्थ अभिमान आहे. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून सुरू आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी तिच्या जागा पुढे ७५ पर्यंत गेल्या. केंद्र शासनाची परदेश शिष्यवृत्ती तर १९५४-५५ पासूनची आहे. जागा अपुऱ्या आहेत, हप्ते वेळेवर येत नाहीत, अटी दरवर्षी बदलतात, या तक्रारी खऱ्या आहेत आणि त्यांवर आम्ही वेळोवेळी लिहितही असतो. आज मात्र विषय वेगळा आहे.

वकिलीच्या कामानिमित्त या मुलांचे पालक आमच्याकडे येतात. प्रतिज्ञापत्र करायचे असते, जामीनदाराचे कागद करायचे असतात, जात वैधता प्रमाणपत्रातली एखादी चूक दुरुस्त करून घ्यायची असते. कागद होतात. उठता उठता मग खरा प्रश्न बाहेर येतो. मराठवाड्यातले एक बाप, एस.टी.त वाहक, आम्हास म्हणाले, "वकीलसाहेब, पैशाचं सरकार बघंल हो. पण लेकरू तिथं ऱ्हाईल कसं? ना भाषा आपली, ना माणसं आपली." मुलगी शेजारीच बसली होती. ती काही बोलली नाही, पण तिच्याही मनात तेच होते हे दिसत होते. प्रवेशपत्र हातात असताना, शिष्यवृत्ती मंजूर असताना, केवळ या भयापोटी 'पुढच्या वर्षी बघू' म्हणणारी मुले आम्ही पाहिली आहेत. पुढच्या वर्षी वय बसत नाही किंवा नियम बदललेला असतो. म्हणून या भयाचा विचार चळवळीने केला पाहिजे, असे आमचे मत आहे.

परमुलखाला जाताना भीती कोणाला वाटत नाही? ब्राह्मणाच्या मुलालाही वाटते. त्याच्या पणजोबाला तर समुद्र ओलांडला म्हणून प्रायश्चित्त घ्यावे लागत होते! पण त्याची भीती आणि आमच्या मुलाची भीती एक नव्हे. त्याला भीती असते ती आपले सुटेल याची. आमच्या मुलाला भीती असते ती आपल्याला बाहेर काढतील याची. नवी जागा म्हटली की आमच्या माणसाच्या मनात पिढ्यान्‌पिढ्यांचे प्रश्न उभे राहतात. पाणी कोणत्या बाजूने प्यायचे, पंगतीत कुठे बसायचे, आडनाव विचारले तर काय सांगायचे. प्रश्न सारे इथले. पण ते सामानासोबत विमानात चढतात आणि तिकडे उतरल्यावर समोरच्या माणसाने नुसती मान वळवली तरी जागे होतात.

जातिव्यवस्थेने आपल्याला एक खोटा धडा दिला आहे. वेगळे असणे म्हणजे वर किंवा खाली असणे, हा तो धडा. या देशात कपडा वेगळा असेल तर तो वरचा किंवा खालचा, भाजी वेगळी असेल तर ती वरची किंवा खालची, बोली वेगळी असेल तर शुद्ध किंवा अशुद्ध. नुसता वेगळेपणा, ज्याला उतरंड नाही असा, आपल्या अनुभवात फार थोडा आहे. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले ती हीच. अशा व्यवस्थेत वाढलेल्या मुलाने प्रत्येक फरकात अपमान शोधला तर त्याला दोष देता येणार नाही. परंतु तसे करीत राहिल्याने त्याचे नुकसान मात्र होते. म्हणून परदेशी निघालेल्या प्रत्येक मुला-मुलीने भेद आणि भेदभाव या दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला शिकले पाहिजे.

आम्ही वकील आहोत, त्यामुळे आम्हाला कसोटी लागते. आमची कसोटी साधी आहे. शेजाऱ्याने दार ठोठावून सांगितले की तुमच्या सुकटीचा वास आमच्या खोलीत येतो, तर तो भेद आहे. खिडकी उघडली, झाकण ठेवले, दोन शब्द हसून बोलले, की तो मिटतो. पण घरमालक म्हणाला की तुम्ही कोण आहात ते कळल्यामुळे खोली देता येत नाही, तर तिथे खिडकी उघडून काही होणार नाही. पहिल्याची तक्रार तुमच्या वागण्याबद्दल आहे, दुसऱ्याची तुमच्या जन्माबद्दल. पहिल्याशी बोलावे. दुसऱ्याशी लढावे. या दोहोंत गल्लत झाली की माणूस बोलायच्या ठिकाणी भांडतो आणि लढायच्या ठिकाणी गप्प बसतो.

बाबासाहेबांचे उदाहरण पाहा. केवळ प्रेरणा म्हणून आम्ही ते सांगत नाही. त्यांच्या पहिल्या परदेशवासाचे तपशील आजच्या विद्यार्थ्याला हातातल्या नकाशासारखे उपयोगी पडतील असे आहेत. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांची शिष्यवृत्ती घेऊन ते जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला उतरले. वय २२ वर्षांचे. वडील रामजी सुभेदार त्याच वर्षी फेब्रुवारीत वारलेले. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात ते आठवडाभर राहिले, पण तिथले अन्न त्यांना मानवले नाही. मग ते कॉस्मोपॉलिटन क्लबच्या जागेत राहायला गेले. तिथे काही हिंदी विद्यार्थी होते. आणि तिथूनही पुढे ते लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात गेले, नवल भथेना या पारशी मित्राबरोबर. ही मैत्री जन्मभर टिकली.

या तीन मुक्कामांत फार काही आहे. पहिल्या आठवड्यात जेवण रुचले नाही म्हणून बाबासाहेब बोट पकडून परत आले नाहीत. ओळखीची भाषा, ओळखीचे ताट शोधणे त्यांना कमीपणाचे वाटले नाही. काही दिवस त्यांनी ते घेतले. पण ते तिथेच रुतूनही बसले नाहीत. आजची मुले नेमकी इथे अडकतात. पहिल्या आठवड्यात जी हिंदी मुले भेटली त्यांच्याचबरोबर दोन वर्षे काढायची, त्यांच्याबरोबरच स्वयंपाक, त्यांच्याबरोबरच सिनेमा, आणि पदवी घेऊन परतताना त्या देशातल्या एकाही माणसाच्या घरचा चहा प्यालेला नाही! असा परदेशवास आणि पुण्याच्या पेठेतला मुक्काम यांत फरक तो काय? फक्त थंडीचा.

शिवाय त्या हिंदी घोळक्यात काय असते तेही स्पष्ट बोलले पाहिजे. परदेशातील हिंदी विद्यार्थ्यांच्या जाहिरातींत 'फक्त शाकाहारी', 'फक्त अमुक समाजाचे' असे शब्द सर्रास दिसतात. गोऱ्या घरमालकिणीला तुमचे आडनाव उच्चारता येत नाही, त्यातून काही अर्थ काढणे तर दूरच. ते आडनाव ऐकून दुसरा प्रश्न विचारणारा माणूस आपल्याच देशाचा असतो. 'मूळ गाव कोणतं तुमचं?', 'वडील काय करतात?', 'रँक किती होती?' अशा तीन प्रश्नांत तो तुमची जात काढतो. वेगळ्या संस्कृतीच्या भयाने आमची मुले ज्या 'आपल्या' माणसांकडे धावतात, तिथेच जुने दुखणे त्यांची वाट पाहत असते. सगळेच तसे नसतात, हे आम्ही मान्य करतो. पण पोटात गोळा येतो तो परक्याला पाहून, आणि घाव बसतो तो घरच्याकडून, असा अनुभव आमच्या अनेक विद्यार्थ्यांनी सांगितला आहे.

बाबासाहेबांचाही अनुभव हाच नव्हता काय? युरोप-अमेरिकेतल्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती, असे त्यांनी आपल्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत नोंदवले आहे. १९१७ साली ते बडोद्याला नोकरीवर रुजू होण्यास गेले तेव्हा स्टेशनवर उतरताच प्रश्न पडला, राहायचे कुठे? हिंदू हॉटेलात सोय नाही. शेवटी एका पारशी विश्रांतिगृहात पारशी नाव नोंदवून राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी जमले आणि त्यांनी त्यांना बाहेर काढले. हिंदू मित्राने आणि ख्रिस्ती मित्रानेही आसरा दिला नाही. एका सार्वजनिक बागेत बसून त्यांनी उरलेला वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. न्यूयॉर्कला स्वतःच्या नावाने राहिलेल्या माणसाला बडोद्यात दुसऱ्याचे नाव घ्यावे लागले! आजच्या मुलांनी दूतावासाच्या रांगेत उभे असताना त्या पुस्तिकेचे नाव जरूर आठवावे.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. न्यूयॉर्कमध्ये ज्याच्याशी जिवाभावाची मैत्री झाली तोही पारशी आणि बडोद्यात काठ्या घेऊन आले तेही पारशी. माणसांचा धर्म तोच, चालीरीती त्याच. बदलले होते ते भोवतालचे वातावरण. बडोद्यातल्या पारशांनी शेजारच्या हिंदूंकडून अस्पृश्यता उचलली होती, न्यूयॉर्कमध्ये उचलायला ती उपलब्ध नव्हती. म्हणून अमुक जातीचा, अमुक रंगाचा, अमुक धर्माचा माणूस आपल्याला त्रास देईल असे आधीच ठरवून जाऊ नये. त्या जागेचे नियम काय आहेत, तिथे कोणाला कोणाचा धाक आहे, हे पाहावे.

पाश्चात्त्य देश म्हणजे समतेचे नंदनवन, असे आम्ही म्हणतो असा कोणी अर्थ घेऊ नये. बाबासाहेब ज्या वर्षी न्यूयॉर्कला पोहोचले त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या शासनाने केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत काळ्या आणि गोऱ्या कर्मचाऱ्यांना वेगळे बसवायला सुरुवात केली होती. दक्षिणेकडील राज्यांत तर शाळा, गाडी, पाणवठा, सारे वेगळे. कोलंबिया विद्यापीठाच्या टेकडीखाली हार्लेम ही कृष्णवर्णीयांची वस्ती वाढत होती. पुढे १९४६ साली बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहून, निग्रो समाजातर्फे संयुक्त राष्ट्रसंघाकडे दिल्या जाणाऱ्या अर्जाच्या प्रती मागितल्या. दु बॉइस यांनी उत्तरही पाठवले. १९७२ साली आमच्या तरुणांनी मुंबईत दलित पँथर काढली तेव्हा नाव घेतले तेही ब्लॅक पँथरवरून.

हे सांगण्याचे कारण असे की आज न्यूयॉर्कला किंवा लंडनला गेलेल्या आमच्याच काही मुलांना तिथले जुने हिंदी रहिवासी पहिल्याच दिवशी सांगतात, 'त्या भागात जाऊ नका, तिकडे काळे राहतात.' आणि आमची मुले ते निमूटपणे ऐकतात! ज्यांच्या आजोबांच्या वस्तीला गावाने हेच म्हटले, त्यांनी दुसऱ्याच्या वस्तीबद्दल हे ऐकून घ्यावे? रात्री कुठे फिरावे, कुठे फिरू नये ही सावधगिरी प्रत्येक शहरात बाळगावी लागते, नागपुरातही लागते. पण रंगावरून माणसाला भ्यायचे म्हणजे मनुस्मृती इंग्रजीत वाचण्यासारखे आहे. वेगळेपणाचे भय घालवायचे तर ते दोन्ही अंगांनी घालवले पाहिजे. लोक आपल्याला परके मानतील हे भय एका अंगाने, आणि आपणही कोणाला तरी परके, घाणेरडे, धोकादायक मानतो ते दुसऱ्या अंगाने. पहिल्याबद्दल आपण सभेत बोलतो. दुसऱ्याबद्दल घरातसुद्धा बोलत नाही.

वर्गातल्या भयाचे काय? आमची बहुतेक मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत, मराठी माध्यमात शिकलेली. 'सर' म्हटल्याशिवाय शिक्षकापुढे तोंड उघडायचे नाही हा संस्कार. तिकडे प्राध्यापकाला पहिल्या नावाने हाक मारतात, त्याच्या म्हणण्याला हरकत घेतली तर तो रागावण्याऐवजी 'सांगा, सांगा' म्हणतो. आमचा मुलगा गप्प बसतो. त्याला वाटते आपले इंग्रजी हसण्यासारखे आहे. समोरच्याला वाटते याला काही म्हणायचेच नाही. इंग्रजी सहा महिन्यांत सुधारते, पण गप्प बसण्याची सवय एकदा लागली की वर्षानुवर्षे राहते. म्हणून पहिल्याच आठवड्यात, मोडक्या वाक्यात का होईना, एक प्रश्न विचारावा. उच्चाराचे म्हणाल तर त्या वर्गात चिनी, नायजेरियन, ब्राझिलियन मुले असतात आणि प्रत्येक जण आपापल्या उच्चारात बोलतो. शुद्ध-अशुद्धचा सोवळेपणा तिथे चालत नाही. चालतो तिथेही तो फार टिकत नाही.

९ मे १९१६ रोजी बाबासाहेबांनी मानववंशशास्त्राचे प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चावर्गात भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. परका देश, परकी भाषा, ऐकणारे सारे परके, वय २५. त्यांनी परक्यांसमोर आपल्या देशाचे दुखणे लपवले नाही, त्याचे विच्छेदन केले. नव्या संस्कृतीत जाणे म्हणजे केवळ तिथले काटे-चमचे धरायला शिकणे नव्हे. आपण कोठून आलो हे त्यांना समजेल अशा भाषेत सांगता येणे, हाही त्यातला भाग आहे. आणि गंमत पाहा, केंद्र शासनाने २०२२ साली परदेश शिष्यवृत्तीच्या नियमांत अट घातली की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास या विषयांसाठी ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. म्हणजे त्या अटीखाली १९१६ चा तो निबंध बसला नसता! आमच्या मुलांनी परदेशी जाऊन इंजिन शिकावे, जातीबद्दल बोलू नये, असा तो कावा आहे. या अटीला त्याच वेळी देशभरातील विद्यार्थ्यांनी आणि अभ्यासकांनी विरोध केला होता.

आता कायद्याकडे वळू, कारण भयावरचा एक मोठा उतारा माहिती हा आहे. आमचा अॅट्रॉसिटीचा कायदा भारताच्या हद्दीपलीकडे लागू होत नाही, हे प्रत्येकाने पक्के लक्षात ठेवावे. पण म्हणून तिकडे माणूस उघड्यावर पडतो असे नाही. ब्रिटनमध्ये २०१० चा समता कायदा आहे. त्याच्या कलम ९ मध्ये जातीचा समावेश करण्याचा अधिकार सरकारला दिला होता आणि २०१३ साली संसदेने ते सरकारचे कर्तव्यच ठरवले. तिथल्या हिंदू संघटनांनी जोरदार विरोध केला, आणि २०१८ मध्ये सरकारने स्वतंत्र तरतूद करणार नाही असे जाहीर केले. ही त्या देशाची कचखाऊ वृत्ती होय. परंतु दरम्यान २०१४ साली चांडोक विरुद्ध तिर्की या खटल्यात रोजगारविषयक अपील न्यायाधिकरणाने निर्णय दिला होता की जातीवरून केलेला भेदभाव वांशिक मूळ या शब्दांत बसू शकतो. तो खटला लढवणारी बाई कोणी बॅरिस्टर नव्हती. बिहारमधून घरकामासाठी नेलेली आदिवासी स्त्री, ताशी ११ पेन्सच्या हिशोबाने राबवली गेलेली. तिला राबवणारे घर भारतीय वंशाचे होते. २०१५ साली तिला किमान वेतनाच्या थकबाकीपोटी १ लाख ८० हजार पौंडांहून अधिक रक्कम देण्याचा आदेश झाला. परक्या देशात, परक्या भाषेत, परक्या न्यायासनासमोर ती उभी राहिली!

अमेरिकेत २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिअॅटल शहराच्या परिषदेने जातीवरून भेदभाव करण्यास मनाई करणारा ठराव कायद्यात आणला. ते मांडणाऱ्या क्षमा सावंत या जन्माने महाराष्ट्रातल्याच. त्याआधी जानेवारी २०२२ मध्ये कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने आपल्या नियमांत जातीचा उल्लेख केला होता. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसे विधेयक मंजूर केले, पण राज्यपाल न्यूसम यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये ते परत पाठवले. असलेले कायदे पुरेसे आहेत, असे त्यांचे म्हणणे. कुठे जिंकलो, कुठे हरलो. पण जिथे जायचे त्या विद्यापीठाच्या नियमावलीत जात हा शब्द आहे की नाही, तक्रार कोणाकडे करायची, हे निघण्यापूर्वीच पाहून ठेवावे. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर हे पाहायला अर्धा तास पुरतो. मुले वसतिगृहाचे फोटो पाहण्यात तीन दिवस घालवतात!

एक वेगळाच धक्का आमच्या लोकांना बौद्ध देशांत बसतो. तिथे जाताना वाटते, आता आपण घरीच चाललो. आणि उतरल्यावर दिसते की थायलंडमध्ये घराघरापुढे भूतपिशाचांसाठी छोटी देवळी आहे, लोक गळ्यात ताईत घालतात. जपानमध्ये विहाराचा पुरोहित बायकामुलांसह राहतो, कारण १८७२ साली तिथल्या सरकारने भिक्खूंना विवाहाची मोकळीक दिली. श्रीलंकेत तर सियाम निकायाने गोविगम या उच्च मानल्या जाणाऱ्या जातीबाहेरच्यांना उपसंपदा नाकारली. त्यामुळे इतर जातींच्या लोकांना एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रह्मदेशातून उपसंपदा आणून अमरपुर निकाय उभा करावा लागला. आमचा उपासक हे पाहून गोंधळतो. 'हा कसला धम्म?' म्हणून काही जण तोंड फिरवतात. काही जण उलट आपणच कच्चे, आपलाच धम्म खोटा, असे समजून २२ प्रतिज्ञा सांगायला लाजतात. दोन्ही चूक. पुन्हा तीच कसोटी लावावी. वंदनेची चाल वेगळी, चीवराचा रंग वेगळा, जेवणाची वेळ वेगळी, हा भेद आहे. तो कुतूहलाने पाहावा, चार गोष्टी शिकाव्यात. जातीवरून उपसंपदा नाकारणे हा भेदभाव आहे. त्याला धम्म म्हणण्याचे कारण नाही, मग तो कितीही जुन्या विहारात असो. बाबासाहेब १९५० साली श्रीलंकेत, १९५४ साली रंगूनला जाऊन आले. त्यांनी हे सारे पाहिले होते आणि तरीही धम्म स्वीकारला, स्वतःच्या विवेकाने तपासून.

उलट दिशेने आलेल्या माणसाकडेही पाहा. भदंत सुरई ससाई हे जपानी भिक्खू १९६० च्या दशकात भारतात आले आणि नागपूरच्या इंदोऱ्यात राहिले. भाषा येत नव्हती, ऊन सोसत नव्हते, आमच्या वस्त्यांतले धम्माचे रूप त्यांच्या पाहण्यातल्या धम्माहून वेगळे होते. ते वस्तीत राहिले, लोकांची भाषा शिकले, पुढे भारतीय नागरिक झाले, बोधगयेच्या महाबोधी महाविहाराच्या मुक्तीचे आंदोलन त्यांनी चालवले. इंदोऱ्यातल्या आयाबायांनी त्या परक्या माणसाला भाकरी वाढताना तो कुठला हे विचारले नाही. आमच्या वस्तीने परक्याला इतक्या सहज आपले केले, त्या वस्तीतल्या मुलाने परक्या वस्तीला इतके का भ्यावे?

मुलींच्या बाबतीत दोन शब्द. शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलीला थांबवताना घरचे लोक 'तिकडची संस्कृती' हे कारण पुढे करतात. मुलाला तेच कारण सांगितले जात नाही. न्यूयॉर्कला पोहोचल्यावर १९१३ सालीच बाबासाहेबांनी वडिलांच्या एका स्नेह्याला पत्र लिहून मुलांबरोबर मुलींच्या शिक्षणाचा आग्रह धरला होता. ज्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे त्या घराने तरी मुलीला परक्या संस्कृतीचा बागुलबुवा दाखवू नये.

शासन शिष्यवृत्तीचे पैसे देते (उशिरा का होईना), पण जाण्यापूर्वीची तयारी कोणीच करून घेत नाही. इंग्रजीच्या परीक्षेचे वर्ग गल्लोगल्ली आहेत. मात्र पहिल्या महिन्यात खोली कशी शोधायची, भाडेकरारात कोणते कलम पाहायचे, आजारी पडल्यास कुठे जायचे, कोणी जात काढली तर काय उत्तर द्यायचे आणि उत्तर द्यायचेच नसेल तर विषय कसा बदलायचा, हे सांगणारा वर्ग नाही. आपली ओळख कोणाला, केव्हा सांगायची हा त्या मुलाचा अधिकार आहे. कोणी लपवली म्हणून आपण त्याला हिणवू नये. बडोद्याचा प्रसंग ठाऊक असणाऱ्यांनी तर मुळीच नाही. पण सांगायचे ठरवले तर पाठीशी माणसे हवीत. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, जपान, आखाती देश, सगळीकडे आंबेडकरी संघटना काम करीत आहेत, १४ एप्रिल आणि १४ ऑक्टोबर साजरे करीत आहेत. लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचे घर, जिथे बाबासाहेब विद्यार्थी असताना राहिले, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले. तिथे जाऊन नुसता फोटो काढून परतण्याऐवजी तिथे जमणाऱ्या आपल्या माणसांचे पत्ते घ्यावेत. आणि ते घेताना तिथल्या विद्यापीठातल्या इतर देशांच्या मुलांकडेही पाठ फिरवू नये. आपली वस्ती आपल्याला परतायला हवी, दडून बसायला नको.

आमची सूचना अशी आहे की शिष्यवृत्तीच्या याद्या लागल्या की प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणच्या मोठ्या विहारात निवड झालेल्या मुला-मुलींची एक दिवसाची बैठक घ्यावी. आधी जाऊन आलेल्या दोन-तीन विद्यार्थ्यांनी तिथे बोलावे. सत्कार, शाल, पुष्पगुच्छ यांत वेळ घालवू नये. त्या दिवशी ही मंडळी नुसती प्रश्नांची उत्तरे देण्यास मोकळी असावीत. एखाद्या वकिलाने भाडेकरार आणि तक्रारीची पद्धत समजावून सांगावी; आमच्या जिल्ह्यापुरती ती जबाबदारी आम्ही घेतो. बैठकीला आईवडिलांना जरूर बोलवावे, कारण रात्री झोप त्यांचीही उडालेली असते. आणि परत आलेल्या एखाद्या मुलीला विचारावे की बाई, पहिल्या आठवड्यात तू काय जेवलीस, कोणाशी बोललीस आणि किती वेळा रडलीस, ते सगळे न लपवता सांग.